मोडाफिनिल २०० एमजी: जागं ठेवते, हुशार करत नाही

५ पैकी २ स्टार, तेही फक्त जागरणाचे. बुद्धीसाठी शून्य.

मी पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतेय आणि आमच्या अभ्यासिकेत ही गोळी डोकं चालवणारी म्हणून एकमेकींना दिली जाते, म्हणून सविस्तर लिहिते. खरं तर ही डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारी गोळी, पण कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने मला काहीही न विचारता १० ची स्ट्रिप दिली, तिथूनच चूक सुरू झाली.

पहिल्या दिवशी सकाळी ९ ला अर्धी घेतली, दोनेक तासांत आळस, पेंग, मोबाईल बघायची इच्छा सगळं गेलं, जेवायला पण उठले नाही, डबा तसाच परत. मला वाटलं आता पोस्ट आपलीच. मग पुढच्या आठवड्यात अख्खी घ्यायला लागले. त्या दिवशी पंचायत राजच्या नोट्स काढायला बसले आणि अडीच तास फक्त ७३ व्या घटनादुरुस्तीचा तक्ता पट्टी लावून परत परत आखत होते, रकाने सारखे येत नव्हते म्हणून तीन पानं फाडली, आणि त्या पूर्ण वेळात मला मनापासून वाटत होतं की अभ्यास जबरदस्त चाललाय. टेस्ट सिरीजमध्ये पण तेच झालं, एरवी सोडते ते प्रश्न पण खात्रीने सोडवले आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये आधीच्या पेपरपेक्षा मार्क कमी आले. रात्री २ वाजता डोळे टक्क उघडे, तोंड कोरडं, डोकं ठणकतंय. गोळीचं अर्धं औषध अंगातून जायलाच १२ ते १५ तास लागतात, म्हणजे सकाळची गोळी रात्री पण निम्मी आत असतेच.

हे झाल्यावर मी वाचायला घेतलं. मेंदूत डोपामाइन (हुरूप, मजा वाटायला लावणारं रसायन) सुटलं की ते परत पेशीत ओढून घेणारे पंप असतात, ही गोळी ते अडवते. २००९ मध्ये अमेरिकेत १० निरोगी पुरुषांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन करून हे दाखवलं गेलं, आणि डोपामाइन वाढलं त्यात व्यसनाशी जोडलेला भाग पण होता, त्यामुळे सवय लागत नाही असं जे छातीठोक सांगतात ते मला पटत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ४० जणांना मोडाफिनिल, रिटालिनमधलं मिथाइलफेनिडेट, अॅम्फेटामाइन (ही दोन्ही पण मेंदूला तरतरी आणणारी औषधं) आणि नुसती खोटी गोळी अशी आळीपाळीने देऊन ठरावीकच वजन मावेल अशा पिशवीत जास्तीत जास्त किमतीच्या वस्तू बसवायचं कोडं सोडवायला लावलं. औषध घेतल्यावर लोकांनी वेळ जास्त घातला, वस्तू आत-बाहेर करायच्या हालचाली जास्त केल्या, पण त्यांच्या प्रत्येक हालचालीचा दर्जा घसरला, आणि जे एरवी सरासरीच्या वर होते ते खाली आले. माझा तक्ताच आठवला मला.

ज्यांना नार्कोलेप्सी आहे, म्हणजे दिवसा बसल्या बसल्या झोप लागते, त्यांच्यासाठी ही गोळी चांगलीच आहे, १९९८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली ती त्यासाठीच, त्यांनी माझा रिव्ह्यू वाचून बंद करू नये. पण युरोपच्या औषध संस्थेने २०१० मध्ये वापर फक्त नार्कोलेप्सीपुरता ठेवा असं सांगितलं, कारण त्वचेच्या गंभीर रिअॅक्शन आणि मानसिक त्रास. क्वचित होतात, पण अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर गोळी तिथेच थांबवून डॉक्टर गाठा, जिवावर बेतू शकतं.

आणि मुलींनो, हे आपल्याला कोणीच सांगत नाही: हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या हिच्यामुळे नीट काम करत नाहीत, ही बंद केल्यावर सुद्धा महिनाभर भरवसा नाही. माझ्या रूममेटच्या तसल्या गोळ्या पीसीओडीसाठी चालू आहेत आणि तिने माझ्याकडे उरलेल्या चार मागितल्या होत्या. मी दिल्या नाहीत, स्ट्रिप कपाटात कुलूप लावून ठेवलीये.