हळदीचा रंग कशात उतरवावा? पाणी, अल्कोहोल, ॲसिटोन की हेक्झेन?

बारावीच्या प्रोजेक्टचे दिवस आले की हळदीतून कर्क्युमिन काढायचा विषय कुणीतरी हमखास घेतं, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, विद्रावक (रंग विरघळवून घेणारा द्रव) कोणता घेऊ? मी ॲसिटोन सांगते. पण त्याआधी विचारते, की हळदीतलं नेमकं काय हवंय? कारण हळद म्हणजे नुसता रंग नाही. तिच्यात स्टार्च आहे, वासाचं तेल आहे, आणि रंग देणारं कर्क्युमिन तर शंभर ग्रॅममध्ये जेमतेम तीन-चार ग्रॅम.

चार परीक्षानळ्यांत हे चार द्रव घेऊन, चिमूटभर हळद टाकून मी मुलांना दाखवते. पाण्यात पूड तळाला बसते आणि वर फिकट पिवळं, गढूळ पाणी राहतं. अल्कोहोलमध्ये हलवल्याबरोबर छान पिवळा रंग उतरतो. ॲसिटोनमध्ये तो आणखी गडद, नारिंगीकडे झुकलेला. हेक्झेनमध्ये मात्र पूड तळाशी तशीच पिवळीधमक राहते, वरचा द्रव जरासा पिवळसर होतो.

ध्रुवीयता म्हणजे रेणूतला विद्युतभार एका बाजूला किती झुकलाय ते. तिचा ढोबळ अंदाज डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून येतो, आकडा जितका मोठा तितका द्रव जास्त ध्रुवीय: पाणी ७८, इथेनॉल (म्हणजे वरचं अल्कोहोल) २४, ॲसिटोन २१, हेक्झेन १.९. कर्क्युमिनच्या रेणूत दोन बेंझीन वलयं आणि त्यांना जोडणारी सात कार्बनची साखळी आहे, हा कार्बनचा सांगाडा फारसा ध्रुवीय नाही, म्हणून पाणी त्याला सामावून घेत नाही. पण त्याच रेणूत सहा ऑक्सिजनही आहेत, ते थोडी ध्रुवीयता आणतात, म्हणून हेक्झेनशीही त्याचं जुळत नाही. त्याला मधलेच विद्रावक मानवतात.

आता आकड्यांनी इथेनॉल आणि ॲसिटोन शेजारी-शेजारी आहेत, तरी ॲसिटोन सरस का? इथेनॉलचे रेणू हायड्रोजन बंधांनी (एका रेणूच्या हायड्रोजनची दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे असलेली ओढ) एकमेकांना धरून असतात. कर्क्युमिनला जागा करून द्यायची तर ते बंध तोडावे लागतात. ॲसिटोनचे रेणू आपसांत असे बांधलेले नसतात, आणि त्याचा ऑक्सिजन कर्क्युमिनच्या हायड्रोजनला धरायला मोकळा असतो. ‘समान समानात विरघळतं’ हे पाठ करताना नुसता आकडा पाहिला तर ही गोष्ट निसटते, आणि मला ती मुलांच्या हातून निसटू द्यायची नसते.

एक शंका दरवर्षी येते. फोडणीत हळद टाकली की तेल पिवळं होतं, मग हेक्झेन का नाही? कारण खाद्यतेल हेक्झेनसारखं निव्वळ हायड्रोकार्बन, म्हणजे फक्त कार्बन-हायड्रोजनचं, नाही. त्याच्या रेणूत एस्टर गट आहेत, म्हणजे ऑक्सिजन आहे. शिवाय तेल कडकडीत तापलेलं असतं.

अल्कोहोल घेणार असाल तर पाणी मिसळलेलं घेऊ नका. गाळलेल्या पिवळ्या, नितळ अर्कात चमचाभर पाणी घालून पाहा: क्षणात तो दुधाळ पिवळा होतो, विरघळलेलं कर्क्युमिन पुन्हा बाहेर पडतं. सॅनिटायझरमध्येही पाणी असतं, त्यामुळे प्रोजेक्टला ते कमी पडतं. शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो. शाळेत त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल, रंग थोडा कमी उतरेल एवढंच. हळदीचे निर्देशक कागद (रंग बदलून अल्कली ओळखणारे) करायला ते पुरेसं आहे. चुन्याच्या निवळीत कागद लाल होतो. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते याच बदलामुळे.

भेसळ ओळखायची असेल तर मात्र पाणीच घ्या. मेटॅनिल यलो हा भेसळीचा रंग सोडियमचा क्षार आहे, तो पाण्यात सहज उतरतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका. पूड बसल्यावर पाणी फिकट राहिलं तर ठीक, गडद पिवळं झालं तर शंका घ्यायला जागा आहे. इथे ॲसिटोन निरुपयोगी, कारण अस्सल हळदही त्याला गडद रंग देते.

हेक्झेन मी मुलांच्या हातात देत नाही. दीर्घ संपर्काने ते मज्जातंतूंना इजा करतं. ॲसिटोनही ५६ अंशांना उकळतं आणि झटकन पेट घेतं, म्हणून बर्नर बंद, खिडक्या उघड्या, आणि भांडं काचेचं. पॉलिस्टायरीनचा कप त्यात विरघळतो.

एक त्रास ॲसिटोनमध्येही आहे: रंगाबरोबर वासाचं तेलही येतं. अर्क काचेच्या बशीत सुकवला की कोरडी भुकटी मिळत नाही, बोटाला चिकटणारा नारिंगी, राळेसारखा थर उरतो. हळद आधी हेक्झेनने धुतली तर तेल निघून जातं आणि रंग पुडीतच राहतो. मग ॲसिटोन घातल्यावर थर बराच कोरडा मिळतो. ती धुणी मी स्वतः फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात) करून देते.