१९६६ ची मस्टँग, वर्षभरानंतर: ब्रेक झकास, बुशिंगने वात आणला

गाडी फोर्डची, २८९ घन इंचांचं व्ही-एट इंजिन, मुक्काम अमेरिकेतलं मिशिगन. गेल्या वसंतात पुढचे डिस्क ब्रेक आणि सस्पेन्शनचं किट बसवलं. लिहायचा विचार नव्हता, पण परवा किट विकणाऱ्याच्या माणसाने बुशिंगच्या कुईकुईवर पुन्हा एकदा "ग्रीस लावून बघा" म्हणत फोन ठेवला, तेव्हा राहवेना.

आधी ब्रेक. मूळ गाडीला चारही चाकांना ड्रम आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) एकाच कप्प्याचा. कुठेही पाइप गळला की चारही ब्रेक गेले. दोन कप्प्यांचा सिलिंडर १९६७ पासून आला. डिस्क लावा न लावा, तो आधी बदला.

डिस्कवर सुरुवातीला मी नाराजच होतो. पेडल हलकं करणारा बूस्टर घेतला नव्हता (किंमत बघून), त्यामुळे पेडल चांगलंच जड. ड्रममधले शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आणखी आवळले जातात; डिस्कला ती फुकटची मदत नाही, सगळा जोर पायाचा. पैसे पाण्यात गेले असंच सांगत फिरायचो. मग ऑगस्टात वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे इथली जुन्या गाड्यांची मोठी फेरी. दुपारभर चल-थांब आणि परतताना धो धो पाऊस. ड्रम असताना ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. या वेळी नाकासमोर थांबली. तक्रार मागे. पाय सरावला, बूस्टरचे पैसेही वाचले.

वळणावरचा खरा फरक मात्र किटमधल्या कुठल्याच वस्तूने पडला नाही. वरचा कंट्रोल आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) एक इंच खाली घ्यायचा, त्यासाठी शॉक टॉवरला, म्हणजे तो जिथे बसतो त्या बॉडीच्या भागाला, नवी भोकं पाडायची. कल्पना फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांची; कॅरोल शेल्बीने १९६५ च्या जीटी ३५० वर, म्हणजे त्याने तयार केलेल्या वेगवान मस्टँगवर वापरली. वळताना बाहेरचं चाक आता पूर्वीसारखं कलत नाही. खर्च म्हणाल तर ड्रिल बिट! अलाइनमेंटवाल्याला जुन्या मॅन्युअलचे आकडे लावू देऊ नका, ते जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरांसाठी होते. आताच्या रेडियल टायरांना पॉझिटिव्ह कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल) जास्त लागतो. मी तीन अंशांच्या आसपास ठेवलाय.

आता ती कुईकुई. किटमध्ये जिथे तिथे लाल पॉलियुरेथेन (कडक प्लास्टिकसारखं) बुशिंग, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारी गादी. गॅरेजमधून निघताना कुई, खड्डा आला की कुईकुई, सिग्नलला शेजारचा काच खाली करून बघतो. बायको म्हणते, "आमच्या माडीवरच्या झोपाळ्याच्या कड्या बऱ्या, त्यांना खोबरेल तरी चालतं." रबर जागच्या जागी पीळ खातं, पॉलियुरेथेन आतल्या धातूच्या नळीवर घासत फिरतं, म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस हवं. एक जोराचा पाऊस झाला की ते धुऊन निघालंच. दर वेळी सगळं उघडून ग्रीस भरायला मला दुसरे उद्योग नाहीत का?

शेवटी खालचे आर्म रबरी बुशिंगवाले आणले, मागच्या पाट्यांच्या शॅकललाही (पाटा बॉडीला टांगणारी कडी) साधं रबर. स्वस्तात पडलं आणि आवाज बंद. नट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. आर्म लटकता असताना आवळलात तर रबर लवकर फाटतं.

लाल बुशिंग विक्रेता परत घेत नाही, "वापरलेला माल" म्हणे. शिवाय "१४ इंची रिम चालेल" म्हणाला होता, माझी कॅलिपरला (डिस्क चिमटीत धरणारा भाग) घासली. १५ इंचीचा खर्च किटच्या किमतीतच धरून ठेवा.