पातळ धातुथरातील चुंबकत्व व्होल्टेजने बदलणे: कोकणातल्या प्रयोगशाळेसाठी कोणता मार्ग?

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेणाऱ्यापुढे मुख्यतः तीन मार्ग आहेत. त्यांतून निवड करताना आपल्या दमट, खाऱ्या हवेचा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन इतके दाट असतात की बाहेरचे विद्युत क्षेत्र पृष्ठभागाच्या एखाद्या अणुथरापलीकडे शिरत नाही, आणि म्हणूनच थर मोजक्या नॅनोमीटरांचाच घ्यावा लागतो.

पहिला मार्ग मॅग्नेशियम ऑक्साइडच्या घन थरातून क्षेत्र लावण्याचा. 2009 साली जपानी संशोधकांनी लोखंडाच्या काही अणुथरांवर नॅनोमीटरला 100 मिलिव्होल्टपेक्षा कमी क्षेत्र लावून ॲनिसोट्रॉपी (चुंबकत्वाचा ठरावीक दिशेकडचा कल) सुमारे 40 टक्क्यांनी बदलून दाखवली. यात केवळ इलेक्ट्रॉन हलत असल्याने बदल वेगवान असतो. परंतु छिद्ररहित ऑक्साइड वाढवण्याची निर्वात यंत्रणा महाविद्यालयाच्या आवाक्यात नसते.

दुसरा मार्ग द्रव इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे आयन (विद्युतभारित अणू) असलेल्या द्रावणाचा, आणि साधनांच्या दृष्टीने तो सर्वांत सोपा. 2007 साली लोह-प्लॅटिनमचा 2 नॅनोमीटरचा थर प्रॉपिलीन कार्बोनेट या सेंद्रिय द्रावकातील द्रावणात ठेवून व्होल्टेज 0.6 व्होल्टने बदलले, तेव्हा चुंबकत्व उलटवायला लागणारे क्षेत्र 4.5 टक्क्यांनी बदलले. आकडा लहान असला तरी केर परिणामावरील (चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण बदलते, त्यावरील) मांडणीत तो मोजता येतो. पाणी मात्र टाळावे, कारण 1.23 व्होल्टपासून त्याचे विघटन संभवते. एकदा जुलैमध्ये लोखंडाचा नमुना रात्रभर उघडा राहिला आणि सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याचा ओरखडा होता तिथूनच तांबूस ठिपके पसरलेले दिसले. खाऱ्या हवेतले क्लोराइड अशाच जागा शोधते. म्हणून नमुन्याजवळचे ओलावा शोषणारे सिलिका जेल गुलाबी होताच बदलावे, आणि व्होल्टेज मागे नेल्यावर चुंबकत्वाचा मोजलेला वक्र मूळ जागी परतला नाही, तर तो विद्युतभाराचा परिणाम न मानता रासायनिक बदलाची शंका घ्यावी.

तिसऱ्या मार्गात आयन हलतात. कोबाल्टवरील गॅडोलिनियम ऑक्साइडमधून ऑक्सिजन आयन ढकलले, तर परिणाम मोठा होतो आणि व्होल्टेज काढल्यावरही टिकतो. पण वेग कमी असतो आणि आवर्तनागणिक कोबाल्टची झीज होण्याचा धोका असतो. 2019 साली हवेतल्या बाष्पातून मिळणाऱ्या हायड्रोजनने हेच काम 2,000 पेक्षा जास्त आवर्तने करून दाखवले. दुसऱ्या मार्गात नमुना बिघडवणारी आर्द्रता इथे कच्चा माल पुरवते! तरीही आषाढातली आणि पौषातली नोंद हायग्रोमीटरच्या (आर्द्रतामापकाच्या) वाचनाशिवाय एकमेकींशी ताडून पाहू नये.

मुंबई-पुण्याच्या एखाद्या प्रयोगशाळेकडून कोबाल्टचे तयार थर मिळत असतील, तर मी तिसरा मार्गच निवडीन. ते मिळत नसतील आणि हातात सहाच महिने असतील, तर लोह-प्लॅटिनम आणि कोरडे द्रावण घ्यावे, आणि काम दिवाळीनंतर सुरू करावे.