वायरवाला की सुटा? गिऱ्हाइकाला घर दाखवायचा व्हीआर

फोंड्याला माझी लहानशी बांधकाम कचेरी आहे. नकाशावरून घर डोळ्यांसमोर न येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी मी व्हीआर घेतला, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा हेडसेट; न बांधलेलं घर त्यात आत उभं राहून पाहिल्यासारखं दिसतं. तीन वर्षं लॅपटॉपला जोडायचा वायरवाला वापरला, वर्षभर सुटा, म्हणजे लॅपटॉपशिवाय आपला आपण चालणारा, वापरतोय.

चित्रात वायरवाला सरस, यात वाद नाही. स्केचअप किंवा रेव्हिट या घराचं मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमधलं मॉडेल, एन्स्केप या त्यांना जोडायच्या प्रोग्राममधून थेट डोळ्यांसमोर उभं राहतं. गिऱ्हाईक म्हणालं, "दरवाजा जरा डावीकडे घ्या", की लॅपटॉपवर सरकवायचा. त्याला तिथल्या तिथे दिसतो. चिऱ्याची भिंत उघडी ठेवून कशी, गिलावा करून कशी, तेही दाखवता येतं. सुट्यात मॉडेल आधी हलकं करून भरावं लागतं. माड, कौलं, नक्षी, सगळ्याला कात्री.

तरी मी वायरवाला बाजूला ठेवला, तो वायरीमुळे नव्हे. कोपऱ्यांत उभ्या कराव्या लागणाऱ्या दोन बेस स्टेशनांमुळे. हेडसेटला आपली जागा कळावी म्हणून ती खोलीभर न दिसणारा लेझर फिरवतात आणि समोर काच-आरसा आला की गडबडतात. आता आमच्याकडे कुठल्या हॉलात काचेचं शोकेस नसतं? मडगावात एका आजींना हेडसेट चढवला. माजघराकडे वळता वळता त्यांचं नवं घर हातभर बाजूला उडालं. "घर हालता रे!" म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मुलाने शोकेसवर चादर टाकली, मी स्टँड हलवले, हेडसेटमधली जमीन पुन्हा जुळवली. तोवर चहा निवला होता. आजी काही पुन्हा हेडसेटला शिवल्या नाहीत.

सुटा म्हणजे माझ्याकडचा मेटा कंपनीचा क्वेस्ट ३, २०२३चा. वजन ५१५ ग्रॅम, स्वतःच्याच कॅमेऱ्यांनी जागा ओळखतो. आरसे त्यालाही फारसे मानवत नसावेत, पण घर उडालेलं मी अजून पाहिलं नाही. गेल्या महिन्यात सेंटरिंग (खालचे टेकू-फळ्या) उतरलेल्या स्लॅबखाली एका काकांना दोन चिरे एकावर एक रचून त्यांवर बसवलं. बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसायचा सोपा (बांधीव कट्टा) साधारण तेवढ्याच उंचीचा. काका क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "हांगा बसून तुळस दिसत नाही." बाल्कांवचा कठडा आड येत होता. गवंड्याने कोळशाने खूण केली आणि एक थर कमी केला.

उणं म्हणाल तर, बॅटरी दोनेक तास पुरते. तिन्हीसांजेला वीज गेली की कॅमेऱ्यांना दिसेनासं होतं. आणि उन्हात भिंगं वर करून ठेवू नका, आतला स्क्रीन भाजतो. बारीकसारीक दाखवायचंच झालं तर हाच लॅपटॉपला जोडून एन्स्केपही चालतं.

कचेरीतच बसून रंग-फरशा ठरवणाऱ्या इंटिरियरवाल्याने वायरवाला घेतला तरी चुकणार नाही बहुधा. माझे स्टँड मात्र चतुर्थीपासून माळ्यावर आहेत.