'स्टुडिओ वन सोल' : आठ महिने ऐकल्यानंतर

पहिला महिना फुकट गेला, आणि चूक माझीच. 'स्टुडिओ वन सोल' या जमैकन गाण्यांच्या संकलनाची सीडी मोबाइलवर घेतली, भांडी घासताना लावली, नि वाटलं, एवढं कौतुक कशाचं? सगळं पाणचट. रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, उभा असतो बेस गिटारच्या खर्जावर आणि मोबाइलच्या स्पीकरमधून नेमका तोच गायब. शेवटी माळ्यावरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर उतरवला. मग कळलं, लेरॉय सिबल्स काय चीज आहे! हेप्टोन्स या जमैकन गायकगटाचा हा मुख्य गायक स्टुडिओ वनमध्ये बेसही वाजवायचा. 'एक्स्प्रेस युवरसेल्फ' त्यानेच गायलंय.

लंडनच्या सोल जॅझ कंपनीने २००१ मध्ये हे संकलन काढलं. जमैकाची राजधानी किंग्स्टन, तिथल्या ब्रेंटफर्ड रोडवर क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड यांचा 'स्टुडिओ वन' होता, तिथली ही गाणी. बहुतेक मूळची अमेरिकन सोल, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या भावगर्भ गायकीची. मायामी, न्यू ऑर्लीन्सची रेडिओ केंद्रं जमैकात ऐकू यायची. डॉड स्वतः हंगामी मजुरीला अमेरिकेत गेले होते, येताना तिकडच्या रेकॉर्डी घेऊन आले. त्यामुळे ही उसनवारी नवखी वाटत नाही.

आपला कान समेची वाट बघतो. रेगेच्या 'वन ड्रॉप' ठेक्यात चारांतली पहिली मात्रा ड्रमर चक्क सोडून देतो, ठोका पडतो तिसरीवर. (रूपक तालात समेलाच 'खाली', म्हणजे रिकामी जागा, असते, ते आठवलं.) इथली सगळी गाणी या ठेक्यातली नाहीत, काही सरळ फंककडे, म्हणजे ठसकेबाज अमेरिकन नाचाच्या ठेक्याकडे, झुकतात. पण जिथे वजन असं सरकतं, तिथे ओळखीची चालही अनोळखी होते.

'रिस्पेक्ट' मूळ अमेरिकन गायक ओटिस रेडिंगचं, १९६५चं. दोन वर्षांनी अरीथा फ्रँकलिनने ते स्वतःचं करून टाकलं. अरीथा मान वसूल करते. या सीडीवर नॉर्मा फ्रेझर आवाज न चढवता तोच मागते. आधी फिकं वाटलं होतं, आता आवडतं. सिल जॉन्सनचं 'इज इट बिकॉज आय अ‍ॅम ब्लॅक' शिकागोचं. इथे ते सीनियर सोलच्या तोंडी आहे, आणि प्रश्न किंग्स्टनचाच वाटतो. मात्र 'टाइम इज टाइट' मी हल्ली पुढे ढकलतो. मूळ अमेरिकन रेकॉर्ड हाताशी असताना नक्कल कशाला ऐकायची?

पाचव्या महिन्यात टूट्स हिबर्टचं 'टूट्स इन मेम्फिस' (१९८८) घेतलं. हा उलटा प्रवास: जमैकन गायक थेट अमेरिकेत, सोलच्या माहेरी मेम्फिसला जाऊन ओटिस रेडिंग, अल ग्रीन यांची गाणी गातो, साथीला स्लाय आणि रॉबी ही जमैकन ड्रम-बेसची जोडी. गळा तोडीस तोड, पण ऐंशीच्या दशकाची चकाकी मला जरा खुपते.

फिरून फिरून मी येतो ओटिस गेलच्या 'आय विल बी अराउंड'वर. स्पिनर्स या अमेरिकन गटाच्या १९७२च्या मूळ गाण्यातला फिलाडेल्फियाचा वाद्यवृंदी थाट इथे नाही. बेस आहे, आणि घाई नसलेला गळा आहे. घरातले म्हणतात, तेच तेच काय लावतोस. कालही दोनदा लावलं.