सुला शेनिन ब्लाँ: काळ्या मसाल्याबरोबर घ्यायची असेल तर हीच बाटली

काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर रेड वाईनच घ्यायची असते, हे नाशकात इतक्या जणांनी इतक्यांदा सांगितलंय की आता कुणी ते तपासूनसुद्धा बघत नाही. मला ते अजिबात पटत नाही. घरी पाहुणे येतात, रस्सा उकळत असतो, कुणीतरी कौतुकाने शिराझ या रेड वाईनची चांगली महागातली बाटली आणलेली असते, पहिला घोट जेवणाआधी झकास लागतो आणि रश्श्यात बुडवलेल्या भाकरीचा घास पोटात गेला की तीच वाईन कडवट, खरखरीत आणि भलतीच जहाल लागायला लागते. मग निष्कर्ष काय निघतो, तर आपल्या जेवणाला वाईन चालत नाही. चालते हो, उत्तम चालते, फक्त बाटली वेगळी घ्यावी लागते. म्हणून हा रिव्ह्यू नाशिकच्या सुला वायनरीच्या शेनिन ब्लाँचा आहे, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाच्या व्हाईट वाईनचा. दुकानात चेनिन म्हणालात तरी बरोबर तीच हातात देतात.

वाईनची आवड असलेल्या मंडळींमध्ये या बाटलीकडे जरा नाक मुरडून बघायची पद्धत आहे. नवशिक्यांची, गोडसर, पार्टीत मुलींना द्यायची असं काय काय बोललं जातं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण नाशिकच्या ताटाशी एवढं जुळवून घेणारी दुसरी वाईन मला अजून मिळालेली नाही आणि मी शोधत असतो.

थोडं मागचं सांगतो. सुलाचे संस्थापक राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाच्या बाजूला १९९७ साली वाईनची द्राक्षं लावली तेव्हा सुरुवात दोन जातींपासून झाली, सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ, आणि २००० साली त्यांची वाईन बाजारात आली. म्हणजे आज सुला म्हटलं की ज्या शिराझचं नाव लोक आधी घेतात ती नंतर आली, शेनिन पहिल्यापासून इथे आहे. मूळची ही जात फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातली, तिथे तिच्यापासून कोरडी (म्हणजे गोडी नसलेली), गोड, बुडबुड्यांची, सगळ्या तऱ्हेची वाईन करतात, आणि आता तिची सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. तिचा मोठा गुण म्हणजे ऊन कितीही असलं तरी द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. आपल्याकडे ही द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, रात्री गारठा असला तरी दिवसाच्या चढत्या उन्हात साखर भराभर चढते आणि आंबटपणा लवकर पडतो ही इथल्या वाईनवाल्यांची नेहमीची डोकेदुखी. शेनिन तिथे तग धरते. चांदोनच्या दिंडोरीच्या वायनरीत ब्रूट, म्हणजे बुडबुड्यांची कोरडी वाईन करतात, त्यातही शेनिन असते ती उगाच नाही.

माझे एक काका ओझरकडे द्राक्षं पिकवतात, खायची, म्हणजे थॉमसन आणि सोनाका वगैरे, खरड छाटणी आणि गोडी छाटणी यावरच त्यांचं वर्ष चालतं. त्यांना मी ही वाईन चाखायला दिली तर त्यांनी ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला, थांबले आणि विचारलं, "हिच्यात शुगर किती ठेवलीय रे?" मला हा प्रश्न फार आवडला कारण तो वाईनच्या थेट गाभ्याला हात घालणारा आहे. बागाईतदार माणूस रोज दाणा चिरडून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर बघणारा, त्याला पहिल्या घोटात कळलं की इथे साखर पूर्ण संपलेली नाही. आणि ते खरंच आहे. यीस्ट रसातली साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं, सगळी खाऊ दिली तर वाईन कोरडी होते, आणि मध्येच टाकी एकदम थंड करून यीस्टला थांबवलं तर थोडी साखर मागे राहते. या शेनिनमध्ये ती थोडी मागे ठेवलेली असते, याला ऑफ-ड्राय म्हणतात. मी म्हटलं काका, थोडीच ठेवलीय, तर ते म्हणाले, "थोडीच आहे पण आंबट धरून ठेवलंय तिला, नुसती गोड नाही लागत." यापेक्षा चांगलं वर्णन मला तरी जमणार नाही.

बाकी ग्लासात रंग अगदी फिकट, गवती, कडेला किंचित हिरवट. वास पिकलेल्या पेरूचा, मागून अननस, आणि हिरवं सफरचंद कापलं की येतो तो. तोंडात आधी हलका गोडवा, लगेच मागून आंबट, आणि मग वाईन बऱ्यापैकी पटकन संपते. हे मी उणीव म्हणूनच सांगतोय, चव फार वेळ मागे रेंगाळत नाही, खोली शोधत नुसती घोटघोट घेत बसायची असेल तर तासाभरात नवीन काही सापडायचं थांबतं. ही बाटली ताटाबरोबर घ्यायची आहे, नुसती नाही. महागातली पण नाही, रिझर्व्ह शिराझच्या बरीच खाली.

आता तिखटाचं. मिरचीतलं जे जाळणारं द्रव्य आहे, कॅप्सायसिन, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, त्यामुळे जास्त अल्कोहोलची वाईन तिखट कमी करायच्या ऐवजी तोंडभर पसरवते. रेडमध्ये वरून टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतलं आणि बीमधलं ते तुरट, ज्याने जीभ आणि हिरड्या कोरड्या पडतात. आधीच जळणाऱ्या जिभेवर तुरटपणा आला की तो दुप्पट वाटतो. ओकच्या पिंपात मुरवलेली शिराझ असेल तर आणखी भर. गंमत अशी की वासाने शिराझ आणि काळा मसाला एकमेकांचे सख्खे वाटतात, दोन्हीत मिरी, दोन्हीत धुरकट काहीतरी, म्हणूनच लोक फसतात. नाकाला जमतं, जिभेला जमत नाही.

शेनिनचं उलटं होतं. थोडी साखर आणि गारवा जाळ शमवतात, आंबटपणा रश्श्यावरचा तवंग कापतो, मिसळीवर लिंबू पिळल्यावर जे होतं तेच इथे घोटागणिक होतं. आणि काळ्या मसाल्यात भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा, दगडफूल, लवंग हे जे सगळं खाली दबून बसलेलं असतं ते जाळ कमी झाल्यावर एकेक करून जाणवायला लागतं. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा आणि थंड शेनिन, हे एकदा करून बघाच. कोंबडीच्या रश्श्याला तर आणखी बरं. शाकाहारी असाल तर पाटवड्यांचा रस्सा, शेवभाजी, दोन्ही छान. फक्त ठेचा बेताने, हिरव्या मिरचीचा लसणाचा जळजळीत ठेचा असेल तर कुठलीच वाईन समोर टिकत नाही, तिथे ताकच.

पण सगळ्यात सुंदर जोडी मला विचाराल तर अळूवडी. नीट बघा त्यात काय असतं, चिंच, गूळ, तिखट, बेसन, वरून तीळ, आणि तळल्यावर कडेला आलेला कुरकुरीतपणा. आंबट-गोड-तिखट एकाच घासात. आणि वाईनमध्येही आंबट-गोड. कोरडी वाईन घेतली की वडीतला गूळ तिला एकदम पातळ आणि आंबटढाण करून टाकतो, पण शेनिनमध्ये गूळ तिच्यातल्या साखरेला भिडतो, चिंच आंबटाला, आणि तेल घोटासरशी धुतलं जातं. वडी गरम पाहिजे, वाईन गार पाहिजे, आणि एक वडी तोंडात असतानाच छोटा घोट घ्यायचा, गिळून झाल्यावर नाही. हे मी ज्याला ज्याला करायला लावलंय त्याने दुसरी वडी उचलताना आधी ग्लास भरून घेतलाय.

कोथिंबीर वडीही जमते, साबुदाणा वडा शेंगदाण्याच्या चटणीसकट जमतो, सुरमई तळलेली असेल तर काय विचारता. कोंडाजीचा चिवडा जेवणाआधी वाटीत काढून ठेवा, लोक बटाट्याचे वेफर्स आणतात त्याच्यापेक्षा लाख पटीने बरा. थंडीत हुरड्याची पार्टी असेल, हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, तर तिथे हीच न्या. वांग्याच्या भरताबरोबर मात्र मला ठीकठाकच वाटली, वांग्याचा जळका वास वाईनच्या पेरूवर बसतो आणि मग काहीच कळत नाही.

थंड किती करायची यावर आपल्याकडे फार हेळसांड होते. आठ ते दहा अंश. फ्रिज साधारण चार अंशाला असतो, म्हणजे रात्रभर ठेवलेली बाटली जेवणाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढायची, अगदी बर्फगार प्यायलात तर वास येतच नाही आणि मग म्हणणार की वाईनला चव नाही. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, नुसता बर्फ बाटलीला जागोजागी टेकतो, पाणी सगळीकडून टेकतं, म्हणून लवकर गार होते. ग्लासात बर्फ नको. आणि ग्लास एक तृतीयांशच भरायचा, काठोकाठ भरला तर वास जमायला जागाच राहत नाही आणि तोवर वरची वाईन कोमटही होते.

शहरातल्या एका चांगल्या नावाजलेल्या हॉटेलात मी ग्लासवर शेनिन मागवली तर बारच्या कट्ट्यावर दिव्याखाली उघडी उभी असलेली बाटली उचलून ओतली, कोमट, आणि वास शिजलेल्या सफरचंदाचा. परत केली तर वेटरने मॅनेजरला बोलावलं, मॅनेजर म्हणाले सर ही अशीच असते. अशी नसते! उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवली तर तीन-चार दिवस व्यवस्थित राहते, हिला स्क्रू कॅप आहे, एवढं सोपं काम आहे. नाशकातल्या हॉटेलात नाशिकची वाईन नीट मिळणार नसेल तर बाहेरून येणाऱ्या माणसाने काय समजायचं? तेव्हा ग्लासवर घेताना बाटली कधी उघडली आणि कुठे ठेवली होती हे बिनधास्त विचारा, नाहीतर सरळ पूर्ण बाटली घ्या.

दुकानातही तेच. शोकेसमध्ये काचेमागे उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीला जातो आणि व्हाईट वाईनला तेवढं पुरतं. आतल्या खोक्यातली मागा, चांगला दुकानदार कुरकुर न करता देतो. लेबलवर वर्ष बघा, ही ताजी प्यायची वाईन आहे, मुरवायची नाही, चालू नाहीतर गेल्या वर्षाची घ्या. आपलं पीक वर्षाच्या सुरुवातीलाच उतरतं त्यामुळे त्याच सालची वाईन त्याच वर्षी प्यायला मिळते, युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये द्राक्षं तोडतात, त्यांना हे एवढं सोपं नाही. रंग गडद सोनेरी दिसला तर राहू दे.

शिराझला मी वाईट म्हणत नाहीये. सुलाचीच दिंडोरी रिझर्व्ह शिराझ मला स्वतःला आवडते, पण तिला कमी तिखटाचं काहीतरी भाजलेलं द्या, सीख कबाब, मशरूम, जुनं चीज, आणि पंधरा-सोळा अंशाला द्या, मेमधल्या खोलीच्या तापमानाला नाही. शेनिनमध्येही सुलाच घ्या असा हट्ट नाही, यॉर्कची आहे, सोमाची आहे, रेव्हेलोची निफाडकडची आहे, गोडीचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं आणि त्या शेजारी शेजारी ठेवून चाखण्यात फार मजा आहे. मी सुलाची निवडली कारण ती जवळपास प्रत्येक दुकानात मिळते, आणि तिखट जेवणासाठी गोडी नेमकी बसते.

एका ठिकाणी मात्र ही बाटली हमखास पडते, ते म्हणजे गोड. पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर घेतलीत तर तिच्यातली सगळी गोडी गायब होऊन नुसती आंबट लागेल, कारण वाईन पदार्थापेक्षा गोड नसेल तर पदार्थ तिला गिळून टाकतो. त्यासाठी शेनिनचीच लेट हार्वेस्ट घ्या. द्राक्षं वेलीवर उशिरापर्यंत ठेवतात, पाणी कमी होऊन साखर दाट होते, आणि वाईन मधाळ निघते पण आंबटपणा तसाच शाबूत. सुलाची ३७५ मिलीची छोटी बाटली येते, व्हॅलोने वायनरीची व्हिन द पासरियाज ही गोड वाईन मिळाली तर तीही शेनिनचीच. केशर-वेलचीच्या श्रीखंडाला ही फार शोभते, अगदी छोट्या ग्लासात, चांगली गार, आणि एवढीशी बाटली पाच-सहा जणांना आरामात पुरते.