कापूस वेचायचं बॅटरीवालं मशीन: घ्यायच्या आधी हे वाचा

परभणी-जालना साइडला यंदा बऱ्याच जणांनी मागवलंय म्हणून लिहितोय. मोटर चांगली आहे, बॅटरी पण बऱ्यापैकी टिकते, त्यात खोट नाही. पण वेचणीला येणाऱ्या बायकांच्या हातात दिलं की सगळा हिशोब बदलतो आणि जाहिरातीच्या व्हिडिओत ते दिसत नाही, कारण तिथं मशीन धरलेला एक धडधाकट पोरगा असतो आणि पुढं पूर्ण फुटलेलं टपोरं बोंड.

मशीनच्या तोंडाशी बारीक दाते फिरतात, ते कापूस आत ओढतात आणि मागच्या पिशवीत फेकतात. बॅटरी पाठीवर, तिथून वायर हातापर्यंत. पिशवी अर्धी भरली की सगळं वजन मनगटावर येतं आणि मग वाकून खालची बोंडं घेताना हात दुखायला लागतो. दात्यात धागा गुंडाळला की बंद करून कात्रीनं काढत बसायचं.

आमच्याकडं वेचणाऱ्या मावशी दोन्ही हातांनी दोन बोंडं एकदम घेतात, कापूस टाकायला कंबरेला बांधलेली कापडी ओटी, वजन कंबरेवर. मशीन दिलं की एक हात मशीनला, दुसरा बोंड धरायला, म्हणजे दोन हातांचं काम एकावर आलं. मावशी सरळ म्हणाल्या, "दादा, हे तुमच्याकडंच ठेवा, किलोवर पैसे आहेत आमचे." बरोबरच आहे त्यांचं.

दुसरं म्हणजे काडीकचरा. सकाळी बोंडाभोवतीचा पाला जरा नरम असतो, हातानं वेचताना तो कापसात कमी येतो. मशीन मात्र दवात चालवलं की अडकतं, म्हणून ऊन चढल्यावर चालू करायचं, आणि तोपर्यंत पाला इतका वाळलेला असतो की दाते लागले की चुरा होऊन कापसातच जातो. २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता, कापसातली ओल ८ टक्क्यांच्या वर गेली की सीसीआय (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) भाव कापतं, १२ च्या वर घेतच नाही, आणि व्यापारी तर कचरा दिसला की भाव पाडायला टपलेलाच असतो. मग वेचणीत वाचवलेले पैसे तिथं गेले.

कॉफीचं पण असंच आहे. कर्नाटकात चिकमगळूर, कोडगूकडं झाडावर फळं एकदम पिकत नाहीत, लाल तेवढी हातानं निवडून काढतात आणि पुन्हा पुन्हा फेरी मारतात, जशा आपल्याकडं कापसाच्या तीन-चार वेचण्या होतात. ब्राझीलमध्ये इंजिनावर थरथरणाऱ्या बोटांचं हातातलं यंत्र वापरतात, त्यानं फांदी झटक्यात मोकळी होते पण लाल-हिरवं सगळं एकत्र पडतं, नंतर निवडावं लागतं. निवडायचं काम डोळा आणि बोटं करतात, ते हिसकावून घेणारं अवजार कितीही फास्ट असलं तरी अर्धंच.

मला मनापासून वाटतं की डिझाइन करणाऱ्यांनी आधी ओटीकडं बघावं. रुंद पट्ट्याची, वजन दोन्ही बाजूंना वाटणारी, खालून पटकन रिकामी होणारी ओटी द्या. आणि बोटांना काहीतरी द्या हो, वाळलेल्या बोंडाच्या नख्या इतक्या टोकदार असतात की हंगाम संपेपर्यंत बायांच्या नखांच्या कडेला चिरा पडलेल्या असतात, मीठ लागलं की डोळ्यात पाणी येतं. पातळ, पकड न घालवणारी बोटांची टोपी कुणी नीट बनवली तर मी पहिला घेईन. परभणीचं कृषी विद्यापीठ जवळच आहे, बायकांना शेतात सोबत घेऊन हे करून बघायला पाहिजे.

घ्यावं का? घरचंच थोडं रान असेल, मजूर मिळतच नसतील, पऱ्हाटी (कापसाचं झाड) उंच आणि बोंडं पूर्ण फुटलेली असतील तर घ्या. पिशवी छोटी शिवून घ्या म्हणजे मनगटाला आराम, आणि जास्तीचे दाते सोबतच मागवा, आमच्या विक्रेत्यानं नंतर फोन उचलला नाही. फरतड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन लांबवलेलं पीक) किंवा कवडी (किडक्या, अर्धवट फुटलेल्या बोंडातला) कापसाला अजिबात नको. पाचपैकी दोन स्टार, तेही मोटरसाठी.